सफ्रानबोलूचे वाडे

अनातोलियाच्या उघड्याबोडक्या पठारावरून काळ्या समुद्राच्या दिशेने निघालेला प्रवासी अंकारापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर गेल्यावर काराब्यूक येथील पोलादाच्या कारखान्याची धुराडी, भट्ट्या आणि मालगाड्यांच्या रांगा पाहतो, तेव्हा ज्या जुन्या शहराची कीर्ती ऐकून आपण एवढी वाट तुडवली ते या धुरापासून अवघ्या काही कोसांवर कसे असू शकेल, अशी शंका त्याच्या मनात उभी राहते. पुढच्या टप्प्यावर ती शंका अधिकच बळावते. कारण मोठी बस जेथे थांबते ती किरानक्यॉयची वस्ती म्हणजे सिमेंटच्या चौमजली-पाचमजली इमारती, बँका, औषधांची दुकाने आणि भ्रमणध्वनींच्या जाहिराती, अशी तुर्कस्तानातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसावी तशीच आहे. तेथून लहान गाडीत बसावे लागते. रस्ता उताराला लागतो, दोन-तीन वळणे मागे पडतात आणि मग एकाएकी पायाखालच्या दरीत तांबड्या कौलांची, पांढऱ्या गिलाव्याची, काळसर लाकडाच्या पट्ट्यांनी आखलेली शेकडो घरे एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत असलेली दिसतात. हे सफ्रानबोलू. शहर बहुधा दुरून दिसते आणि मग आपण त्यात शिरतो. येथे मात्र आधी आपण शहराच्या डोक्यावर येऊन उभे राहतो, आणि मगच ते आपल्याला दिसते.

शहराच्या या जुन्या भागाला ‘चुकुर’, म्हणजे खळगा, असेच म्हणतात, आणि ते नाव अन्वर्थक आहे. दोन ओढ्यांनी कोरलेल्या घळीत वसल्यामुळे हिवाळ्यातला बोचरा वारा येथे वरच्या वर निघून जातो. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेचे युग येईपर्यंत पूर्व-पश्चिम व्यापाराच्या एका मोठ्या मार्गावर हे मुक्कामाचे ठाणे होते. १३२२ साली येथे एक मशीद, एक हमाम आणि सुलेमान पाशाचा मदरसा उभा राहिला. मदरशाचा आता केवळ मागमूस उरला असला तरी मशीद आणि हमाम ‘जुनी मशीद’, ‘जुना हमाम’ या नावांनी अद्याप ओळखले जातात. उस्मानी अंमल पुढे स्थिरावला, तांड्यांची वर्दळ वाढली, आणि त्या वर्दळीच्या गरजा भागवण्यासाठी चर्मकार, लोहार, तांबट, खोगीरवाले यांच्या पेठा एकेक करून वसत गेल्या. सतराव्या शतकात या गावाची भरभराट कळसाला पोहोचली होती, आणि येथील बांधकामाची तऱ्हा साम्राज्याच्या कितीतरी मुलखांतल्या नगररचनेवर प्रभाव पाडून गेली, असे जाणकार मानतात.

या भरभराटीची सर्वांत भारदस्त खूण म्हणजे पेठेच्या मध्यभागी उभी असलेली ‘जिन्जी हान’ ही दगडी कारवानसराई. १६४५ मध्ये बांधलेल्या या दुमजली इमारतीला बाहेरच्या अंगाने किल्ल्याची कळा आहे. आत मोठा चौक, चौकात पाण्याचा हौद आणि भोवती कमानींच्या ओवऱ्यांतून ओळीने खोल्या. ती बांधणाऱ्या पुरुषाची हकीकत एखाद्या बखरकाराला मोहात पाडील अशी आहे. ह्युसेन एफेंदी हा सफ्रानबोलूच्या एका शेखाचा मुलगा. मंत्रतंत्र करून जिन्न उतरवणारा म्हणून इस्तंबूलमध्ये त्याची ख्याती झाली, आणि गादीवर नुकताच बसलेला सुलतान इब्राहिम चित्तभ्रमाने व शिरोव्यथेने पछाडलेला असल्याने राजमाता कोसेम सुलतान हिने या मांत्रिकाला राजवाड्यात पाचारण केले. सुलतानाला त्याच्या फुंकरीने आराम पडला, अथवा पडल्यासारखे वाटले, परिणाम एकच. ज्याला न्यायशास्त्राच्या पाठशाळेत कोणी फारसे मोजले नसते तो गृहस्थ पाहता पाहता अनातोलियाचा काझी-अस्कर, म्हणजे साम्राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा न्यायाधीश, होऊन बसला. नेमणुकांची खरेदी-विक्री, नजराणे आणि लाच यांतून त्याने अपरंपार द्रव्य जमवले, आणि त्यातला काही भाग आपल्या जन्मगावी सराई व हमाम बांधण्यात खर्ची घातला. १६४८ मध्ये इब्राहिमला पदच्युत करून त्याचा सहा वर्षांचा मुलगा चौथा मेहमेद गादीवर बसवण्यात आला, तेव्हा नव्या सुलतानाने फौजेला द्यावयाच्या बक्षिसासाठी खजिन्यात पैसा नव्हता. साहजिकच दरबाराची दृष्टी या मांत्रिकाच्या तिजोऱ्यांकडे वळली. त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला ठार मारण्यात आले. राजधानीतले त्याचे वैभव कोणाच्या आठवणीतही उरले नाही. गावातली सराई मात्र आज हॉटेल म्हणून चालू आहे आणि हमामात लोक अजूनही स्नानाला जातात. लाचेच्या पैशाचा याहून टिकाऊ विनियोग इतिहासात फारसा आढळत नाही.

त्याच्यामागून दोन वजिरांनी या गावावर कृपा केली. डबघाईला आलेले साम्राज्य कठोर हाताने सावरणारा कोप्रुलू मेहमेद पाशा याच्या नावाची मशीद १६६१ च्या सुमाराची. तिच्या अंगणात एक छायायंत्र आहे. तिसऱ्या सेलिमचा वजीर इझ्झेत मेहमेद पाशा हा तर याच मातीतला. त्याने १७९६ मध्ये बांधवलेली मशीद ओढ्यावर कमानी टाकून उभारलेली असल्याने नमाजासाठी वर जाणाऱ्यांच्या पायाखालून पाणी वाहत असते. पुढच्याच वर्षी त्याने किल्ल्याच्या टेकाडावर घड्याळाचा मनोराही बांधवला. या मशिदींचे नुसते स्थापत्य पाहून परतणे म्हणजे अर्धेच पाहणे होय. उस्मानी पुण्यकर्माचा हिशेब नेहमी दुकानांपाशी येऊन मिळतो: मशिदीचा दिवा, इमामाचे वेतन, पाण्याच्या नळांची दुरुस्ती, हा सारा खर्च शेजारच्या बाजारातल्या भाड्यांवर वक्फ म्हणून लावून दिलेला असे. कोप्रुलू मशिदीलगतचा ‘येमेनीजिलेर आरास्तासी’ हा बाजार अशाच तजविजीचा. लाकडी, ठेंगण्या, एकमेकींना चिकटलेल्या सुमारे अठ्ठेचाळीस दुकानांच्या या वेलींनी आच्छादलेल्या गल्लीत ‘येमेनी’ नावाचे सपाट टाचेचे हलके चामडी जोडे शिवले जात, आणि पहिल्या महायुद्धात तुर्की फौजेच्या पायांसाठी येथून जोड्यांचा पुरवठा झाला. आज तेथे मुख्यत्वे भेटवस्तू, रुमाल आणि चुंबकाच्या चकत्या विकल्या जातात. दाभण हाती धरलेला कारागीर शोधावा लागतो. लोहारांची पेठ मात्र अजून ठणठणते, कारण जुन्या घरांच्या दारांना कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या अद्याप लागतात. दुरुस्तीच्या कामाने एखादा व्यवसाय जिवंत राहावा, ही जतनाच्या कामाची जमेची बाजू फारशी कोणी हिशेबात धरत नाही.

पण सफ्रानबोलूला लोक येतात ते मशिदींसाठी किंवा बाजारासाठी नव्हे, घरांसाठी. आणि घरे पाहायची तर प्रथम गल्लीत उभे राहून वर पाहावे. तळमजल्याची दगडी भिंत जवळजवळ निर्विकार असते. तिला गल्लीकडून क्वचित खिडकी असते, आणि उताराची वाट जशी वाकेल तशी तीही मुकाट्याने वाकत जाते. तिच्यावर पहिला मजला आणि त्यावर दुसरा असे चढत जाताना घराचा स्वभावच पालटतो. लाकडी तुळ्यांच्या सांगाड्यात कच्च्या विटा किंवा दगड भरून आणि वर मातीचा व चुन्याचा गिलावा देऊन उभारलेल्या या मजल्यांना भूमीच्या वाकडेपणाशी काही देणेघेणे नसते. टेकू देऊन ते गल्लीवर पुढे काढलेले असतात, आणि त्या पुढे काढण्यामुळे खालची भिंत कितीही तिरकी असली तरी वरच्या खोलीचे चारही कोपरे काटकोनात बसतात. उंच, अरुंद खिडक्यांची रांग, त्यांवर लाकडी जाळ्या, आणि सर्वांवर छत्रीसारखी पुढे आलेली रुंद वळचण. गल्ली जेथे सर्वांत अरुंद होते तेथे समोरासमोरच्या वळचणी एकमेकींना स्पर्श करतील की काय असे वाटते. एका घराने दुसऱ्याचा उजेड व देखावा अडवू नये असा संकेत येथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, असे गावकरी अभिमानाने सांगतात. हिदिरलिकच्या टेकडीवरून पाहिले असता ते बरेचसे पटते, जरी या सौजन्याचा अर्धा वाटा उताराचा आहे, हेही तेथूनच दिसते.

आत शिरल्यावर तळमजल्यावर दगडी फरशीचा मोकळा भाग, जनावरांची जागा, सरपणाची व धान्याची कोठारे. जिना चढून वर गेले की ‘सोफा’ हा मधला प्रशस्त भाग लागतो, आणि त्याच्याभोवती खोल्या मांडलेल्या असतात. सोफ्याची जागा कोठे आहे यावरून तुर्की घराची जात ठरवावी, असा सेदाद हक्की एल्देम या वास्तुविशारदाचा सिद्धांत होता, आणि येथील घरे पाहताना तो किती समर्पक होता हे लक्षात येते. यातील प्रत्येक खोली म्हणजे एक स्वतंत्र घर. एकत्र कुटुंबातल्या एकेका विवाहित जोडप्याला एक खोली. तिच्यात भिंतीलगत खिडक्यांखालून फिरणारी गादीची बैठक, मध्ये चूल अथवा शेगडी, आणि एका भिंतीला ओळीने लाकडी कपाटे. दिवसा या कपाटांत गाद्या-रजया जातात आणि खोली दिवाणखाना होते. रात्री त्या बाहेर निघतात आणि तीच शयनगृह होते. जेवणाच्या वेळी मोठे तबक मध्ये ठेवले की ती भोजनगृहही होते. त्याच कपाटांपैकी एकाचे दार उघडले असता आत फरशी आणि पाणी जाण्याची मोरी दिसते, कारण शुद्धिस्नानासाठी जोडप्याला खोलीबाहेर पडावे लागू नये अशी योजना आहे. चार भिंतींतल्या इतक्या थोड्या जागेत इतकी लज्जा आणि इतकी सोय एकत्र नांदवणारी रचना क्वचितच पाहायला मिळते. छताचे लाकडी नक्षीकाम मात्र मुक्तहस्त: ज्या घरात खुर्ची-पलंग नाहीत तेथे माणूस बैठकीवर टेकून वरच पाहणार, म्हणून सारी हौस छतावर उधळलेली.

आपल्याकडच्या पेशवाई वाड्याशी याची तुलना मनात येते. जोते दगडाचे आणि सांगाडा लाकडाचा, हे दोन्हीकडे सारखे. पण आपला वाडा गल्लीकडे पाठ फिरवून आपल्या चौकाकडे पाहतो, आणि सफ्रानबोलूचे घर तळमजल्यापुरती पाठ फिरवून वरच्या मजल्यावरून साऱ्या दरीकडे पाहते.

पाहण्याच्या या अधिकाराचीही वाटणी झालेली होती. मोठ्या घरांत पुरुषांच्या बैठकीचा ‘सेलामलिक’ आणि कुटुंबाचा ‘हारेमलिक’ असे दोन विभाग, कधी दोन स्वतंत्र दारे व जिनेही असत. पाहुण्यांना स्वयंपाकघरातून जेवण पाठवायचे तर ते वाढणाऱ्या स्त्रीचा हातही दिसू नये म्हणून दोन्ही विभागांच्या मधल्या भिंतीत उभ्या आसावर फिरणारे एक कपाट बसवलेले असे. अलीकडून ताटे ठेवायची, कपाट फिरवायचे, पलीकडून ती उचलायची. कायमाकामलार नावाचे, एका लष्करी अधिकाऱ्याचे जे घर संग्रहालय म्हणून खुले आहे, त्यात मेणाचे पुतळे बसवून हा संसार दाखवला आहे. प्रवासी ते कपाट गंमत म्हणून फिरवून पाहतात. सुतारकामाची ती करामत खरीच. पण ज्यांचे आयुष्य त्या कपाटाच्या एकाच बाजूला गेले त्यांच्याविषयी तेथील फलकांवर जे काही लिहिले आहे ते फारच गोडगोड आहे. खिडकीच्या लाकडी जाळीआडून दरी दिसते, दरीला खिडकीतले काही दिसत नाही. या रचनेला केवळ ‘खासगीपणाचा आदर’ म्हणणे मला जमत नाही.

काही श्रीमंत घरांत खोलीच्या मधोमध चांगला खोल हौद आहे. आस्माझलार यांच्या वाड्यातला हौद प्रसिद्ध आहे, आणि भोवतीच्या बैठकीवर बसले की पाण्याच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे जेमतेम ऐकू येते. कोणी म्हणतात हौद हवा थंड ठेवण्यासाठी, कोणी म्हणतात लाकडी घरात आग लागली तर पाणी हाताशी असावे म्हणून, आणि कोणी म्हणतात बैठकीतली खलबते भिंतीपलीकडे जाऊ नयेत म्हणून. ही तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

हे झाले हिवाळ्याचे शहर. उन्हाळा आला की दरीतले लोक घरे बंद करून वर ‘बालार’, म्हणजे द्राक्षमळे, या वस्तीत राहायला जात; तेथे प्रत्येकाचे दुसरे घर मोठ्या बागेत सुटे उभे असे, आणि द्राक्षे, फळे, वाळवणे, मुरांबे यांची बेगमी करून थंडी पडताच कुटुंबे पुन्हा खाली उतरत. पुरुष दुकाने सांभाळायला रोज खाली येत. किरानक्यॉयची रीत याहून निराळी. तेथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कारागीर-व्यापारी राहत. त्यांची घरे दगडी, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, युरोपातल्या गावांत असत तशी. लोसान येथे १९२३ साली झालेल्या करारान्वये तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधले मुसलमान यांची सक्तीची अदलाबदल ठरली आणि ही माणसे पिढ्यांची घरे सोडून ग्रीसला गेली. त्यांच्या प्रार्थनामंदिराची मशीद झाली. शहराच्या नामावळीत तिन्ही वस्त्या एकाच वारशाचे घटक म्हणून नोंदलेल्या आहेत; एका वस्तीचे वारस मात्र तेथे नाहीत.

आता त्या धुराड्यांकडे वळतो, कारण माझ्या मते सफ्रानबोलूच्या जतनाचे रहस्य त्यांच्यापाशीच आहे. काराब्यूक हे सफ्रानबोलूच्या हद्दीतले जेमतेम दहा-पंधरा घरांचे खेडे होते. रेल्वे तेथून गेली, आणि ३ एप्रिल १९३७ रोजी पंतप्रधान इस्मेत इनोन्यू यांच्या हस्ते ब्रिटिश कंपनीने उभारावयाच्या पोलाद कारखान्याची कोनशिला बसली. दोन वर्षांत भट्ट्या पेटल्या. ज्यांच्या बापजाद्यांनी कातडी कमावली आणि जोडे शिवले त्या तरुणांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. तांड्यांचा मार्ग आधीच ओस पडला होता. आता कसबी हातही निघून गेले. एरवी हाती पैसा आला की जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधण्याची जी सार्वत्रिक मनोवृत्ती आहे तिला येथेही आवर नव्हता, परंतु कारखान्याच्या अंगाला आणि किरानक्यॉयच्या सपाटीवर मोकळी जमीन होती. दरीत मोटार वळेना, पाण्याचे नळ महाग पडत, म्हणून नवा पैसा वरच्या बाजूला सिमेंट ओतत राहिला. खाली राहिली ती म्हातारी माणसे आणि घरे. शहर वाचले ते प्रथम कोणाच्या प्रेमाने नव्हे, उपेक्षेने. आणि उपेक्षा फार काळ रक्षण करत नाही, कारण तिच्यामागोमाग गळकी छपरे येतात.

येथेच त्या गावच्या नगरपालिकेचे श्रेय सुरू होते. १९७५ हे वर्ष युरोपीय परिषदेने वास्तुवारशाचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी नगराध्यक्ष किझिल्तान उलुकावाक यांच्या नेतृत्वाखाली, इस्तंबूल तंत्र विद्यापीठातले दोआन कुबान आदी अभ्यासकांच्या साहाय्याने, नगरपालिकेने जुनी घरे राखण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षी सरकारने या भागाला संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी स्युहा आरिन यांच्या ‘सफ्रानबोलूदा झामान’ या अनुबोधपटाने हे गाव साऱ्या देशाच्या नजरेस आणले. ज्या काळी लाकडी घर म्हणजे दारिद्र्याची निशाणी समजली जात होती आणि इस्तंबूलचे लाकडी वाडे राजरोस जळत व पाडले जात होते, त्या काळी एका लहान गावाच्या सभासदांनी आपल्याच मतदारांना घरे पाडण्याची मनाई करणारा ठराव करावा, याला धैर्य लागते. त्याच १९७६ मध्ये टेकाडावरची जुनी सरकारी कचेरी आगीत जळाली. तिची पुढे दुरुस्ती झाली आणि आता तेथे शहराचे संग्रहालय आहे.

१९९४ च्या डिसेंबरात युनेस्कोने सफ्रानबोलूचे नाव जागतिक वारशाच्या यादीत नोंदवले. त्याच वर्षी तुर्की सरकारने काराब्यूकचा तोट्यातला पोलाद कारखाना बंद करण्याची भाषा सुरू केली होती; शेवटी १९९५ मध्ये तो एका लिरा या नाममात्र किमतीला कामगार व स्थानिक लोकांच्या हवाली झाला आणि आजही चालू आहे. त्याच साली काराब्यूक स्वतंत्र प्रांताचे मुख्य ठिकाण झाले, म्हणजे ज्या गावाचे ते एके काळी खेडे होते ते गावच आता त्याचा तालुका आहे.

आजचे चुकुर पाहताना मन थोडे दुभंगते. कौले जाग्यावर आहेत, गिलावा ताजा आहे, गल्ल्यांचा दगड स्वच्छ आहे. पण चांगल्या घरांपैकी बहुतेकांच्या दारावर हॉटेलची पाटी आहे, संध्याकाळी खिडक्यांत जे दिवे लागतात ते पाहुण्यांचे, आणि दर दहा पावलांवर एक तरुण हसतमुखाने केशरी ‘लोकुम’ या मिठाईचा तुकडा हातावर ठेवतो. ते लोकुम उत्तम असते, हे कबूल करतो. कपाटातल्या न्हाणीत आता नळ आणि विजेची शेगडी बसली आहे; ज्या कपाटात जेमतेम उकिडवे बसता येते त्यात स्नान उरकताना स्थूल देहाच्या पाहुण्याची जी त्रेधा उडते ती जतनाच्या नियमांचीच देणगी. तरीही तक्रार फार ताणू नये. घर पाडले गेले असते तर कोणाचेच राहिले नसते. हॉटेल झाले म्हणून सुताराला काम आहे, लोहाराला काम आहे, आणि इतर गावांप्रमाणे येथली सारीच तरुण मुले इस्तंबूलला गेलेली नाहीत. टोकात्लीच्या घळीवर सुमारे ८० मीटर उंचीवर काचेचा सज्जा बांधून लोकांना किंकाळ्या फोडायला लावण्याचा जो उद्योग केला आहे, त्याची मात्र काही गरज नव्हती. शेजारीच घळीवरून गेलेला इन्जेकायाचा जुना जलसेतू आहे, आणि तो पाहून छाती पुरेशी धडधडते.

ज्या केशरावरून गावाला नाव मिळाले ते आता दावुतोबासीसारख्या थोड्या खेड्यांत लहान लहान पट्ट्यांतच होते. कंद लावायचे उन्हाळ्याच्या अखेरीस, फुले येतात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात व नोव्हेंबरात, आणि ती उन्हे वर येण्यापूर्वी हातांनी खुडावी लागतात. प्रत्येक फुलात तीनच तांबड्या काड्या, आणि एक किलो केशर व्हायला सुमारे दीड लाख फुले. या हिशेबाकडे पाहिले की बाजारात पोत्याने दिसणारे पिवळे-नारिंगी ‘केशर’ कशाचे असते हे सांगायला नको. ती बहुधा करडईची फुले असतात. लग्नाकार्यात येथे ‘झेर्दे’ नावाचा केशराचा गोड भात होतो, आणि तो खाताना मराठी माणसाला परक्या घरी जेवल्यासारखे वाटत नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी फुलांच्या दिवसांत, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे. शनिवार-रविवारी अंकारा आणि इस्तंबूलहून बसगाड्या भरून येतात आणि येमेनीजिलेर बाजारात पाऊल टाकायला जागा राहत नाही. चुकुर पाहून झाल्यावर अर्धा दिवस राखून बालारला जावे, कारण तेथे अजूनही काही घरांत मालक स्वतः राहतात. केशर घ्यावयाचे तर शेतकऱ्याकडून, ग्रॅमच्या मापाने आणि काडी पाहून घ्यावे.